खाऱ्या हातांची गोष्ट

मुलांनो, तुम्हा दोघांनाही मराठी वाचायला वेळ लागतो, हे मला माहीत आहे. तरी हे मी मराठीतच लिहिते आहे. सावकाश वाचा. अडलं तर बाबाला विचारा, पण त्याच्याकडून गोषवारा ऐकून कागद बाजूला ठेवू नका.

आत्ताच का लिहिते, ते आधी सांगते. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तुमच्यातल्या मोठीने मला तिच्या ऑफिसातला एक व्हिडिओ पाठवला. ती स्टेजवर उभी आहे, निळा कोट घातलेला आहे, आणि छान इंग्रजीत सांगते आहे की मुंबईजवळच्या एका लहान गावात तिच्या आजीचा कारखाना होता. तिथला माल अचानक खराब निघू लागला, कोणालाच कारण कळेना, तेव्हा आजीने एक वाडगाभर पाणी आणि एक मीटर घेऊन शोधून काढलं की एका कोळिणीचे हात खारे आहेत. तिथे लोक हसतात. मग टाळ्या. खाली तिने मला लिहिलं होतं, "आजी, सगळ्यांना तू फार आवडलीस."

मी तो व्हिडिओ चार वेळा पाहिला. बाळ, तुझी यात काही चूक नाही. तू ही गोष्ट आजोबांच्या मांडीवर बसून ऐकलीस. बाबाने ती कंपनीच्या माहितीपत्रकात छापली. आणि ते दोघं ती माझ्याकडून शिकले. ती गोष्ट खोटी आहे. खरी काय ते सांगायचं तर कारखान्याच्या सुरुवातीपासून सांगावं लागेल, म्हणून क्रमाने सांगते.

तुमचे आजोबा मुंबईत एका रेडिओच्या कंपनीत इंजिनियर होते. ती नोकरी सोडून त्यांनी पनवेलला घराच्या मागच्या खोलीत कपॅसिटर बनवायला घेतले. त्या वेळी सगळे त्याला कंडेन्सर म्हणत. तुमच्या बोटाच्या पेराएवढी वस्तू असते. केसापेक्षा पातळ प्लॅस्टिकच्या दोन पट्ट्या आणि ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या एकावर एक ठेवून घट्ट गुंडाळायच्या, तारा जोडायच्या, दाबायचं, तापवायचं, वरून राळेचा थर द्यायचा. झालं. रेडिओ, पंखा, टीव्ही, कशातही ते लागत. आजोबा म्हणायचे, "पापडासारखं आहे. रेसिपी सगळ्यांना ठाऊक असते, पण कोरडं ठेवणं जमलं पाहिजे." ते खरंच होतं. पट्ट्यांच्या मध्ये दमटपणा किंवा मळ गेला तर कपॅसिटर आज चांगला चालतो आणि सहा महिन्यांनी पावसात मरतो.

पनवेलसारख्या खाडीजवळच्या गावात कोरडी हवा आणायची कुठून? आम्ही खोलीच्या खिडक्या विटांनी बंद केल्या, दोन दारं केली, आमच्या निजायच्या खोलीसाठी घेतलेला एसी तिथे बसवला. आम्ही दोघं पंख्याखाली झोपायचो आणि मशीन गारव्यात. माझ्या सासूबाई म्हणायच्या, "या घरात सुनेपेक्षा लोखंडाचे लाड जास्त."

गुंडाळायच्या मशीनवर सहाजणी कामाला होत्या. सगळ्या उरणच्या रस्त्यावरच्या खाडीकाठच्या गावांतल्या, एसटीने येणाऱ्या. त्यांची बोटं जाळी विणून सरावलेली होती, सुटलेला धागा अंधारातही सापडायचा त्यांना. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी विषय घेऊन बीए झालेली. मला ते गुंडाळणं तीन महिने प्रयत्न करूनही आलं नाही. म्हणून मी पत्रव्यवहार आणि तपासणी पाहू लागले. तपासणीची माझी एक पद्धत होती. प्रत्येक ट्रेमध्ये एक चिठ्ठी: तारीख, मशीनचा नंबर, प्लॅस्टिकच्या पट्टीच्या रिळाचा नंबर. ट्रे कुठेही गेला तरी चिठ्ठी त्याच्याबरोबर जायची आणि तिची नक्कल माझ्या रजिस्टरमध्ये राहायची. बायका माझी टिंगल करायच्या.

"बाई उद्या आपल्या डब्यालाबी चिठ्ठी लावतील."

"लावू दे की. तुझं कालवण कधीचं हाय ते तरी कळेल."

हे दुसरं बोलली ती एक नंबरच्या मशीनवर बसायची. ती म्हणजेच ती, जिची ही गोष्ट आहे. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल. उंच, सावळी, कपाळावर मोठं गोंदण. नवरा होडीवर जायचा. पहाटे तो आणेल ती मासळी निवडून ती पहिल्या एसटीने कामावर यायची. आल्यावर न्हाणीत जाऊन कोपरापर्यंत हात साबणाने घासायची, लिंबू चोळायची, मग बोटांवर रबरी टोप्या चढवून आत जायची. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. टोप्यांचा नियम सगळ्यांना होता, लिंबू तिचं स्वतःचं.

एक नंबरचं मशीन आमचं पहिलं. जुनं, मुंबईहून घेतलेलं, मनात आलं तर चालणारं. बायकांनी त्याचं नाव सासू ठेवलं होतं. ती सोडून ते कोणाला जुमानायचं नाही. सकाळी आत गेल्यावर ती त्याच्या पाठीवर थाप मारायची आणि म्हणायची, "ऊठ गो सासू, सून आली."

पाच-सहा वर्षांत काम वाढलं. घरोघरी टीव्ही येऊ लागले होते आणि टीव्ही बनवणारे आमच्यासारख्यांना शोधत यायचे. एका मोठ्या टीव्ही कंपनीने आम्हाला ऑर्डर दिली, तेव्हा आजोबांनी पळस्प्याच्या रस्त्याला शेडसाठी जागा पाहून ठेवली. त्याच वर्षीच्या दसऱ्याची ही गोष्ट.

दसऱ्याला आम्ही मशीन बंद ठेवून त्यांची पूजा करायचो. सगळीकडे करतात तशीच. हळदकुंकू, झेंडूच्या माळा, पेढे. पहिल्या मशीनचा मान पहिला, आणि नारळ मी फोडायचा, घरची लक्ष्मी म्हणून. आदल्या संध्याकाळी ती एक नंबरवर नवीन रीळ चढवून बसली होती. मला म्हणाली, "बाई, हा रीळ काढून कपाटात ठेवू का? उद्या पूजा हाय."

मी म्हटलं, "राहू दे. रिकाम्या मशीनची पूजा करत नाहीत. भरल्या मशीनची करतात."

माझ्या आईने मला असंच शिकवलं होतं. रिकामं सूप पुजायचं नाही, रिकामी कढई पुजायची नाही. ती बरं म्हणाली. रिळावर तिने एक फडकं टाकलं. सकाळी माळ घालताना मीच ते बाजूला केलं, फोटोत बरं दिसावं म्हणून.

मशीनच्या लोखंडी पायावर मी नारळ आपटला. पहिल्या फटक्यात फुटला नाही, दुसऱ्या फटक्यात फुटला आणि पाणी उडालं. माझ्या साडीवर उडालं, सगळ्यांच्या अंगावर उडालं. बायका हसल्या. तिने पुढे होऊन पदराने मशीन पुसलं. आजोबांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी काम सुरू झालं.

त्यानंतरच्या पावसाळ्यात टीव्ही कंपनीतून माल परत येऊ लागला. आधी थोडा, मग खोकीच्या खोकी. नंतर त्यांचा इंजिनियर स्वतः आला, हातात प्रयोगशाळेचा अहवाल घेऊन. अहवाल इंग्रजीत होता, म्हणून सगळ्यांसमोर मी वाचला. पट्ट्यांच्या मध्ये क्षार सापडले होते. मी मराठीत सांगितलं, "मीठ आहे." आजोबांनी विचारलं, "मीठ कुठून येणार?" मी रजिस्टर काढलं. खराब निघालेल्या प्रत्येक ट्रेच्या चिठ्ठीवर मशीन नंबर एक होता. प्रत्येक चिठ्ठीवर. मला त्या क्षणी आनंद झाला, हे तुमच्यापासून लपवत नाही. माझी पद्धत बरोबर ठरली होती.

चिठ्ठीवर तारीखही होती, रिळाचा नंबरही होता. मी ते पाहिले नाहीत. मी मशीनचा नंबर पाहिला आणि तिथे बसणारं माणूस पाहिलं.

"ती सकाळी मासळीत हात घालून येते," मी म्हटलं.

इंजिनियर नुसतं "अच्छा" म्हणाला. आजोबा म्हणाले, "अगं, टोप्या घालते ती."

"टोप्यांच्या आत घाम येतोच ना."

तिला बाहेर बोलावलं. मी एका काचेच्या वाडग्यात बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी ओतलं आणि त्यात मीटरच्या दोन तारा सोडल्या. काटा हलला नाही. मग तिला म्हटलं, "हात बुडव." तिने आधी लुगड्याला हात पुसले आणि बुडवले. काटा उजवीकडे गेला. फार नाही, पण गेला. सगळ्यांनी पाहिलं. तिनेही पाहिलं. तिला वाचता येत नव्हतं, पण काटा कळत होता. तपासणीच्या टेबलावर रोज बघायची ती.

"घासून येते, बाई," ती म्हणाली.

ती न्हाणीत गेली. आम्ही उभे होतो. आतून पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता. ती आली तेव्हा हात लाल झाले होते. पाणी बदलून पुन्हा बुडवले. काटा पुन्हा गेला.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आता काय करू?"

मी मीटरच्या तारा गुंडाळू लागले. आजोबा म्हणाले, "तुझा दोष नाही गं. काही लोकांचे हात असतात तसे." त्यांना वाटलं, हे बोलून तिला बरं वाटेल. तिला त्याच दिवशी कामावरून कमी केलं. टीव्ही कंपनीला मी इंग्रजीत पत्र लिहिलं की दोषाचं कारण सापडलं असून संबंधित कामगार दूर केली आहे आणि यापुढे प्रत्येकीच्या हाताची चाचणी घेऊनच तिला कामावर घेतलं जाईल. पत्र फार चांगलं उतरलं होतं. त्यांनी ऑर्डर दुप्पट केली. पळस्प्याच्या रस्त्यावरची शेड त्या ऑर्डरवर उभी राहिली.

दोन महिन्यांनी पुढचा दसरा आला. एक नंबरवर दुसरी मुलगी बसत होती. मी हातात नारळ घेतला, वर उचलला, आणि मला रीळ दिसलं. चढवलेलं, माळ घातलेलं. आणि गेल्या वर्षी उडालेलं पाणी दिसलं, तिचा पदर दिसला. मी नारळ खाली ठेवला. म्हटलं, "यंदा बाहेर अंगणात फोडू. आत फरशी निसरडी होते." कोणी काही विचारलं नाही.

दुपारी सगळ्या गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. खराब ट्रे तीनच दिवसांचे होते, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवसापासूनचे, सगळे एकाच रिळाचे. त्याच्या आधी आणि नंतर तिच्या हातचा एकही ट्रे परत आलेला नव्हता. मी वाडगा काढला, शुद्ध पाणी ओतलं, त्यात नारळाच्या पाण्याचे चार थेंब टाकले. काटा शेवटच्या टोकाला जाऊन आपटला. मग पाणी बदललं आणि माझा स्वतःचा हात बुडवला. साबणाने धुतलेला, लोणच्यालाही न लागलेला हात. काटा जिथे तिच्या वेळी गेला होता, तिथेच गेला. कोणाचाही हात बुडवला असता तरी तिथेच गेला असता. माझा हात मी त्या दिवशी बुडवून पाहिला नव्हता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मी आजोबांना सगळं सांगितलं. ते वाईट नव्हते, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणाले, "कंपनीला लिहून दिलंय आपण. आता फिरवलं तर म्हणतील, यांना स्वतःच्या कारखान्यातलं कळत नाही. तिला परत बोलावू या, पॅकिंगला घेऊ. कारण सांगायची गरज नाही."

मी "हो" म्हटलं. तिच्याच गावातून येणाऱ्या एकीबरोबर निरोप धाडला. दोन दिवसांनी उत्तर आलं. "ती बोलली, माझे हात खारे हायेत, बाईंचा परत लुकसान नको."

तेव्हा मी जायला हवं होतं. एसटीने पाऊण तास. मी गेले नाही. मनाला सांगितलं की आपण बोलावलं होतं, तीच आली नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. कारखाना वाढला. एक शेड, मग दुसरी, परदेशातून आलेली मशीन, तीन पाळ्या, पनवेलमध्ये ज्याला त्याला ठाऊक असलेलं नाव. आजोबा वर्धापनदिनाला खाऱ्या हातांची गोष्ट सांगायचे. सुरुवातीला सांगताना माझ्याकडे बघायचं टाळायचे. काही वर्षांनी टाळेनासे झाले; मला वाटतं, त्यांना ती खरीच वाटू लागली. मीही पाहुण्यांपुढे दोन-तीनदा सांगितली, आणि बरी सांगितली. भरतीच्या वेळी हाताची चाचणी चालूच राहिली. तिचा आकडा काय असावा हे कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे घेणाऱ्याच्या मनात असेल तसा काटा दिसायचा. खाडीकाठच्या मुली सहसा नापास व्हायच्या. पुढे त्या यायच्याच बंद झाल्या. कारखान्यात दीडशे मुली होत्या तेव्हा त्या गावांतली एकही नव्हती, आणि बाहेरच्या माणसाला ते विचित्रही वाटलं नसतं.

नंतर बाहेरून स्वस्त माल येऊ लागला, इथले टीव्हीवाले एकेक करून बंद पडले. पंख्यांच्या रेग्युलेटरवर काही वर्षं काढली. आजोबा गेले. विमानतळाचं काम निघाल्यावर आमच्या जागेला कपॅसिटरपेक्षा जास्त किंमत आली, आणि बाबाने ती गोदामवाल्यांना विकली. मी त्याला दोष देत नाही. आता तिथे न्हावा शेव्याहून येणारे कंटेनर उतरतात. मशीन भंगारात गेली. रिकाम्या शेडमध्ये मी गेले नाही. बाबाने बोलावलं होतं.

तुझा व्हिडिओ आल्यावर मात्र मला घरात बसवेना. आठ दिवसांनी मी गाडी करून तिच्या गावाला गेले. रस्ता कंटेनरच्या ट्रकांनी इतका भरलेला की पाऊण तासाचे दोन तास झाले. गाव ओळखू येत नव्हतं. खाडीच्या बाजूला भराव, पक्की घरं. देवळापाशी विचारलं, तर एका माणसाने घर दाखवलं आणि म्हणाला, "पण ती म्हातारी तर गेली. चार वरसं झाली."

मी परत फिरणार होते. खरंच सांगते. ड्रायव्हरला गाडी वळवायलाही सांगितलं होतं. तेवढ्यात त्या घरातून एक बाई बाहेर आली. पन्नाशीची, उंच. गळ्यात बंदरावरचं ओळखपत्र अडकवलेलं. "कोन पायजे?" तिने विचारलं. ती तिची मुलगी होती.

मी कोण ते सांगितलं. ती एकदम आदबीने बोलू लागली. "कंडेन्सरवाल्या बाई? या ना, बसा. आई फार नाव काढायची तुमचं." तिने चहा केला. ती कंटेनरच्या यार्डात मालाच्या याद्या तपासते. शिक्षण विचारलं, तर आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स केलेलं होतं.

"मग आमच्याकडे का नाही आलीस?" मी विचारलं. विचारल्यावर कळलं, हे मी विचारायचं नव्हतं.

"आईने नाय येऊ दिलं. बोलली, आपले हात खारे, पिढीजात हाय ते. बाईंची मशीनं बिघडतील." ती हसली. "आई टीव्हीलाबी हात लावायची नाय ओ. बाबांनी टीव्ही आणला, तर ती लांब बसायची. बंद करायचा असला तर आमाला हाका मारायची. घरात कोन नसलं तर चालूच ठेवायची, शेजारची पोरं येईपर्यंत. नंतर मोबाईल आले, तर मी नंबर लावून कानाला धरायची. तिने हातात नाय घेतला कधी."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. मग तिला सगळं सांगितलं. रीळ, फडकं, नारळ, चिठ्ठ्या, वाडगा. माझा हात बुडवला ते. निरोप धाडला आणि स्वतः आले नाही ते. संपल्यावर तिने विचारलं, "तुमाला कधी कळलं?"

"पुढच्याच दसऱ्याला."

"मी तवा पाचवीला होते," ती म्हणाली.

मी पिशवीतून कागद काढला. मी घरून लिहूनच नेलं होतं, कंपनीच्या शिल्लक राहिलेल्या लेटरहेडवर, सही करून: त्या मालातला दोष तिच्या आईच्या हातांमुळे नव्हता. मला कागदाशिवाय काही सुचत नाही. तिने तो घेतला, वाचला आणि परत माझ्या मांडीवर ठेवला.

"आईला वाचता येत नव्हतं. मला तुमी तोंडाने सांगितलंत. हा कोनाला दाखवू?" मग म्हणाली, "तिला गावात खारी बोलायचे. माझ्या लग्नात लोक बोलले, खारीची पोर. ते ज्यांनी चालू केलं, त्या तुमच्याच खोलीतल्या बाया. त्यांच्यातल्या हायेत अजून तिघी. त्यांच्यासमोर बोलाल?"

मी "हो" म्हटलं. तिने रविवार ठरवला.

त्या रविवारी तिघी तिच्या ओटीवर आल्या. एकीला ऐकू कमी येतं, म्हणून मला मोठ्याने सांगावं लागलं, आणि मोठ्याने सांगताना त्यातलं काहीच मऊ करता येईना. "नारळ मी फोडला. पाणी रिळावर उडालं. तिचे हात चांगले होते." शेजारच्या दारात लोक येऊन उभे राहिले. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"इतकी वरसं लागली बाई, नारळ दिसायला?" एक म्हणाली.

"दिसला होता लगेच. बोलले नाही."

"हं," ती म्हणाली. "मोठ्यांचा असाच असते."

ऐकू कमी येणारीने शेजारणीला कोपराने ढोसलं. "काय बोलते?"

"बोलते, तिचे हात साफ होते."

ती म्हातारी, कोणाला उद्देशून नाही असं, म्हणाली, "खारी मीच बोलले पयली. एसटीत. मस्करीत." मग पदर तोंडाला लावला. घरच्या मुलीने सगळ्यांना पाणी आणून दिलं, मलाही. निघताना मी तिला म्हटलं, "मी पुन्हा येऊ का?" ती म्हणाली, "बघू." मला ते बरोबर वाटलं.

घरी आल्यावर बाबाला फोन केला आणि गोदामवाल्यांनी जागेचा इतिहास म्हणून त्यांच्या वेबसाइटवर ठेवलेली जुनी गोष्ट काढून टाकायला लावायला सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता कोण वाचतंय ते?" तुझ्या ऑफिसातल्या दोनशे माणसांनी ऐकली, हे मी त्याला सांगितलं. तो प्रयत्न करणार आहे. तुझ्या ऑफिसात तू काय सांगायचं ते तू ठरव. मी तुला लाज वाटावी म्हणून हे लिहिलेलं नाही. पण यापुढे ती गोष्ट सांगितलीस, तर ही सांगते आहेस, की ती सांगते आहेस, हे तुला माहीत असेल.

घरामागची खोली पाडली, पळस्प्याच्या रस्त्यावरची शेड दुसऱ्यांची झाली, आजोबा नाहीत, ती नाही. त्या पहिल्या खोलीतल्या सहाजणींपैकी तिघी हयात आहेत. एक आपटा गावात नातीकडे राहते, एक तिच्याच त्या खाडीकाठच्या गावात, आणि एक इथेच पनवेलला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. तिघींनाही आता खरं काय ते माहीत आहे.